घरून जीएसटीचं काम करणाऱ्या टीमच्या नोंदी, जुलै ते नोव्हेंबर २०२५

नाशिकला आमचं अकाउंट्सचं छोटं ऑफिस आहे. पार्ट्या, म्हणजे आमची गिऱ्हाईकं: सातपूर-अंबडचे फॅब्रिकेशनवाले, काही किराणा होलसेलर, हार्डवेअरची दुकानं आणि थोडे ट्रान्सपोर्टर. ऑफिसात मोजकी माणसं बसतात, बाकीची टीम घरून काम करते: चिपळूण, लातूर, जळगाव, सांगली. नावं लिहीत नाही, गावावरूनच ओळखा. कामाला उशीर होत होता आणि चुकाही वाढल्या होत्या, म्हणून जुलैत हे हातात घेतलं. असंच काम चालवणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून जसं झालं तसं लिहितेय, जे फसलं तेही.

१ जुलै

आत्ताच का, तर या महिन्याच्या रिटर्नपासून ३बी (महिन्याचा टॅक्स भरायचा रिटर्न) मधला विक्रीवरचा टॅक्स जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचा रिटर्न) वरून आपोआप येणार आणि तो आपल्याला हातानं बदलता येणार नाही. आतापर्यंत काय चालायचं, की जीएसटीआर-१ मध्ये काही राहिलं तर ३बी मध्ये आकडा नीट टाकायचा आणि दुरुस्ती पुढच्या महिन्यात करायची. ते आता संपलं. चुकलं तर १ए, म्हणजे जीएसटीआर-१ च्या दुरुस्तीचा फॉर्म, भरायचा, तोही ३बीच्या आधी आणि एका महिन्यात एकदाच, आणि त्यातही समोरच्या पार्टीचा जीएसटी नंबरच चुकला असेल तर तो १ए मधून बदलता येत नाही, त्याला पुढच्या महिन्याची वाट बघावी लागते. म्हणजे चिपळूणला घरी बसून जी ताई बिल टाकते तिच्या हातून ते पहिल्या वेळीच बरोबर पडलं पाहिजे. १० तारखेला रात्री ऑफिसात बसून सगळ्यांचं तपासू, हे आता पुरणार नाही.

४ जुलै

सगळ्यात आधी मोजायचं ठरवलं. आमचे भागीदार सर म्हणतात घरी बसलेली माणसं काम कमी करतात, टीमचं म्हणणं काम वेळेवर हातातच येत नाही, आणि दोघांकडेही आकडे नाहीत. मग एक साधी शीट केली: फाईल नंबर, हातात कधी आली, सुरू कधी केली, कशावर अडली, पुन्हा सुरू कधी, संपली कधी. बस्स. कुणाचं नाव नाही.

प्रत्येकाला फोन करून सांगावं लागलं की हे तुमच्यावर नजर ठेवायला नाही, काम कुठे अडतं ते बघायला आहे. ग्रुपवर मेसेज टाकून हे होत नाही, फोनच करा. सांगलीच्या दादानं सुरुवातीला 'अडली' हा रकाना कोराच ठेवला. मग मी माझ्याकडे अडलेल्या फाईली स्वतः त्यात लिहायला लागले, 'मॅडमकडून उत्तर नाही, दीड दिवस' असं स्पष्ट, तेव्हा त्याच्याही नोंदी खऱ्या यायला लागल्या.

१२ जुलै

जीएसटीआर-१ भरून झाले, शीट बघितली. टायपिंगचा वेळ अगदी थोडा आहे, खरा वेळ वाट बघण्यात जातो. एक फाईल उघडून दाखवते, म्हणजे कळेल.

हार्डवेअरचं दुकान. फाईल ३ तारखेला सांगलीला दिली. बँक स्टेटमेंटची पीडीएफ पासवर्डवाली आणि पासवर्ड कुणी दिलाच नाही. सांगलीचा दादा ऑफिसला विचारतो, ऑफिस पार्टीला, पार्टीचा मुलगा म्हणतो बाबांना विचारून सांगतो. ५ तारखेला पासवर्ड आला. मग कळलं की एका मोठ्या खरेदीच्या बिलाच्या फोटोत वरची कड कापली गेलीये, बिल नंबरच दिसत नाही. तो फोटो ७ ला आला. मग सांगलीहून प्रश्न, की पत्रे आणणाऱ्या ट्रकच्या भाड्यावर आरसीएम, म्हणजे ट्रान्सपोर्टरऐवजी पार्टीनं टॅक्स भरणं, लावायचं का, आणि मी त्या दिवशी बाहेर. उत्तर ८ ला संध्याकाळी. भरायच्या वेळी ओटीपी गेला मालकाच्या मोबाईलवर आणि मालक लग्नात. फाईल आठवडाभर उघडी राहिली, आणि प्रत्यक्ष काम सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं.

बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं, तर सांगलीच्या माणसाला एका दुकानाला आठवडा लागला.

१५ जुलै

भागीदार सरांच्या आग्रहानं स्क्रीनचे फोटो घेणारं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या लॅपटॉपवर टाकलं. दर थोड्या मिनिटांनी फोटो, माऊस-कीबोर्ड किती हलला त्याचे मार्क, आणि माणशी महिन्याला फी. माझा विरोध होता, पण ठीक आहे, करून बघू म्हटलं, म्हणजे वाद एकदाचा मिटेल.

२३ जुलै

काढून टाकलं. भरलेली फी गेली. कारणं लिहून ठेवते, कारण हा विषय प्रत्येक ऑफिसात निघतोच.

चिपळूणच्या ताईंचे मार्क सगळ्यात कमी. त्या काय करत होत्या? पार्ट्यांना फोन. राहिलेली बिलं मागणं, बँकेतल्या 'सस्पेन्स'मधल्या, म्हणजे कशाच्या ते न कळलेल्या, एंट्र्या एकेक विचारून सोडवणं. माऊस हलत नाही, म्हणून लाल. उलट ज्याचे मार्क पूर्ण हिरवे त्याच्या फाईलमध्ये गुजरातच्या बिलावर, म्हणजे जीएसटी नंबर २४ नं सुरू होणाऱ्या पार्टीच्या बिलावर, आयजीएसटीच्या (परराज्यातल्या व्यवहाराचा टॅक्स) जागी सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातला) लावलेलं. वेग होता, पण काम चुकीचं.

दुसरं, त्या फोटोंमध्ये पार्ट्यांचे बँक बॅलन्स दिसत होते, एका फोटोत तर नोटपॅडवर ठेवलेला पोर्टलचा पासवर्डही. हे सगळं कुठल्यातरी तिसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन बसतंय. पार्टीनं आपल्या भरवशावर कागद दिलेत, आपण ते असे बाहेर पाठवू शकत नाही. हा मुद्दा सरांनाही लगेच पटला.

आणि त्या आठवड्यात जळगावच्या मुलीनं एकही प्रश्न विचारला नाही. विचारायला थांबलं तर मार्क कमी होतील म्हणून तिनं शंका असलेली बिलं अंदाजानं टाकली. ती निस्तरण्यात पुढचे दोन दिवस गेले.

२६ जुलै

नवा नियम: अर्धी फाईल वाटायची नाही.

ऑफिसात एकीला हेच काम दिलं. विक्रीचं रजिस्टर, खरेदीची सगळी बिलं, उघडणारं बँक स्टेटमेंट, क्रेडिट नोट (माल परत गेला किंवा रक्कम कमी झाली की निघते ती) असतील तर त्या, आणि ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या (ट्रान्सपोर्टरच्या मालाच्या पावत्या). हे सगळं जमलं, फोटो वाचता येतात हे डोळ्यानं बघितलं, की मगच फाईल पुढे. जमलं नसेल तर फाईल ऑफिसातच राहणार आणि पार्टीच्या मागे लागायचं कामही ऑफिसचंच. पार्ट्यांना सांगितलं की बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण साधा फोटो दबून येतो आणि पेट्रोल पंपाच्या त्या पातळ कागदाच्या पावत्या तर वाचताच येत नाहीत. अर्ध्यांनी ऐकलं. उरलेल्यांसाठी फोनवर बोलताना स्क्रीनवर कुठे बोट ठेवायचं ते सांगत बसलो, त्यात वेळ गेला पण एकदाच जातो.

ओटीपीचंही तेव्हाच लावलं. रिटर्न भरतानाचा ओटीपी मोबाईलसोबत रजिस्टर्ड ईमेलवरही येतो, हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं. ज्यांचा ईमेल बंद पडलेला होता त्यांचा बदलून घेतला. आणि भरायची वेळ आदल्या दिवशी ठरवायची, 'उद्या सकाळी ११ ला ओटीपी येईल, फोन जवळ ठेवा' असा मेसेज. मालकही खूश, कारण त्यांना मधेच कुणी पकडत नाही.

२ ऑगस्ट

लाईट आणि नेट. चिपळूणला पावसाळ्यात लाईट जाणं नेहमीचंच, लॅपटॉपला बॅटरी असते पण राऊटर बंद पडतो. राऊटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस घेतला, बाजारात हजार ते दीड हजारात मिळतो. तीन-चार तास सहज चालतो.

पण दोन गोष्टी बघूनच घ्या. एक, राऊटरच्या अडॅप्टरवर खाली व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, ते यूपीएसशी जुळले पाहिजेत. जळगावचा आधी आणलेला कमी अँपिअरचा निघाला, राऊटर सारखा बंद-चालू व्हायचा, परत करून दुसरा आणला. दोन, फायबरचा डबा आणि वायफायचा राऊटर वेगवेगळे असतील तर दोन्हीला करंट लागतो, एकालाच दिला तर काही उपयोग नाही.

चिपळूणला एवढं करूनही नेट जायचं. कारण गल्लीच्या टोकाला केबलवाल्याचा जो डबा आहे त्यालाच बॅकअप नाही, लाईट गेली की तो झोपतो, मग घरातला राऊटर चालू असून काय करणार. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं सिम आणि हॉटस्पॉट. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) रिमोटवर चालवायला डेटा फार लागत नाही, फोटो डाउनलोड करायला लागतो, म्हणून ताई आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवशीच्या फाईली उतरवून ठेवतात. नेटचा आणि सिमचा खर्च ऑफिसनं द्यायचा असं ठरलं. तो आधीपासून द्यायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे, घरातलं वीजबिल, जागा, टेबल सगळं माणूस स्वतःचं वापरतोच आहे.

७ ऑगस्ट

टॅलीचा गोंधळ. लातूर आणि सांगली एकाच मोठ्या पार्टीवर काम करत होते. रिमोटवर टाईप करताना अक्षर उशिरा उमटतं म्हणून दोघांनी डेटा आपापसात सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवला आणि आपापल्या लॅपटॉपवर टॅली उघडली. दोघांनी एकाच वेळी एंट्र्या मारल्या, फोल्डरनं एकाचा डेटा दुसऱ्यावर चढवला, आणि कंपनी उघडेना. बॅकअप आदल्या संध्याकाळचा होता म्हणून निभावलं, दोघांचं दिवसभराचं काम मात्र पुन्हा.

यापुढे: डेटा एकाच जागी, ऑफिसच्या मशीनवर. घरून रिमोटनं यायचं. जिथे शेकडो व्हाउचर (हिशेबातल्या नोंदी) असतात तिथे घरी एक्सेलमध्ये भरायचं आणि टॅलीत इम्पोर्ट करायचं, टॅलीप्राइमच्या ४.० रिलीजपासून एक्सेलवरून थेट इम्पोर्ट होतं. यात एक फायदा असाही निघाला की एक्सेल आधी तपासता येतं, टॅलीत जायच्या आत. बॅकअप दुपारी आणि संध्याकाळी, असा दोनदा.

१२ ऑगस्ट

न बदलता येणाऱ्या ३बीचा पहिला महिना. जीएसटीआर-१ सगळे वेळेत गेले. अर्धी फाईल न वाटण्याचा परिणाम शीटमध्ये दिसतोय, 'अडली'चा रकाना बऱ्यापैकी रिकामा. पण चुका कमी झालेल्या नाहीत. दोन पार्ट्यांचे १ए भरावे लागणार.

१९ ऑगस्ट

कालपासून मुंबई-कोकणात प्रचंड पाऊस, चिपळूणचं नेट आणि मोबाईल दोन्ही गायब. उद्या २० तारीख, ३बीचा शेवटचा दिवस. ताईंचा फोन रात्री लागला, त्यांना पहिलं सांगितलं की तुम्ही सामान वर घ्या, रिटर्नचं सोडा. २०२१ चा पूर ज्यांनी चिपळूणमध्ये बघितलाय त्यांना जुलै-ऑगस्टमध्ये कामाची डेडलाईन सांगणंच चुकीचं आहे.

त्यांच्या फाईली लातूरच्या दादानं उचलल्या. उचलता आल्या, कारण शीटमध्ये कुठपर्यंत आलंय ते लिहिलेलं होतं आणि डेटा ऑफिसच्या मशीनवर होता. ही शीट मोजायला सुरू केली होती, खरा उपयोग तिचा इथे झाला. पुढच्या वर्षी जून ते सप्टेंबर चिपळूणच्या फाईलींना आधीपासूनच एक जोडीदार लावायचा.

२४ ऑगस्ट

चुकांवर बसलो. दोन महिन्यांच्या सगळ्या चुका काढून प्रकार लावले, कुणी केली ते नाही, कोणती ते. सगळ्यात जास्त जीएसटी नंबरच्या. मग राज्य चुकल्यामुळे आयजीएसटीच्या जागी सीजीएसटी-एसजीएसटी. मग एकच खरेदी बिल दोनदा, कारण पार्टीनं फोटो दोनदा पाठवला. मग बिल नंबरमधल्या तिरक्या रेघा आणि शून्य, ज्यामुळे २बी (पोर्टलवर दिसणारी खरेदीची यादी) बरोबर मॅच होत नाही आणि क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट) लटकतं.

जीएसटी नंबरचं सांगते, कारण हे फुकटात सुटतं. १५ अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. मग एक नोंदणीचा क्रमांक, मग झेड, आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणितानं निघतं. म्हणजे फोटो बघून कुणी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला किंवा पाचाच्या जागी एस, तर शीटला ते लगेच कळू शकतं. लातूरच्या दादानं तो फॉर्म्युला बसवला, चुकीचा नंबर टाकला की चौकट लाल. त्याला यात एक रविवार लागला, त्याचे पैसे वेगळे दिले.

याची मर्यादा अशी की नंबर बरोबर बनलेला असू शकतो पण दुसऱ्याच कुणाचा. म्हणून नवी पार्टी पहिल्यांदा आली की पोर्टलवर नंबर टाकून नाव जुळवायचं, एवढं हातानंच करावं लागतं.

तपासणीही बदलली. आधी सगळं शेवटी माझ्याकडे यायचं आणि मी थकलेल्या डोळ्यांनी बघायचे. आता जोड्या आहेत. चिपळूणचं जळगाव बघतं, लातूरचं सांगली. त्याच दिवशी, फाईल ताजी असताना. सगळं तपासत नाही: ठरावीक रकमेच्या वरची सगळी बिलं, परराज्यातली सगळी, नव्या पार्ट्यांची सगळी, आणि उरलेल्यातली चार-पाच कुठलीही. चूक सापडली तर ज्यानं एंट्री केली त्यानंच दुरुस्त करायची, बघणाऱ्यानं परस्पर करायची नाही. सुरुवातीला परस्पर दुरुस्त व्हायचं, त्यामुळे तीच चूक पुढच्या महिन्यात पुन्हा.

जळगावच्या मुलीला वाटत होतं की आपण वयानं लहान, ताईंच्या चुका कशा काढायच्या. ताईंनीच तिला सांगितलं, 'अगं काढ, नोटीस आल्यावर कळण्यापेक्षा बरं.'

३ सप्टेंबर

काल गौरी विसर्जन, आज सगळे परत. वेळांचं बोलणं झालं.

सकाळी १० ते संध्याकाळी ६ अशी वेळ आम्ही नुसती चालत आली म्हणून ठेवली होती. सगळ्यांना विचारलं की डोकं शांत कधी असतं. लातूरचा दादा पहाटे पाचला बसतो, घर झोपलेलं, फोन नाही, बँकेच्या एंट्र्या तो त्या वेळात संपवतो. चिपळूणच्या ताईंचं दुपारी साडेबारा ते अडीच घरातलं सगळं असतं, त्या वेळात त्या लॉगिन असायच्या पण काम होत नव्हतं, चुकांची वेळ बघितली तर त्यातल्या बऱ्याच याच दोन तासांतल्या. आता ११ ते १२ आणि ४ ते ५ हे दोन तास सगळे हजर, प्रश्न, फोन, जे काय असेल ते त्यात. बाकीचा वेळ ज्याचा त्यानं लावायचा. शीटमध्ये फाईल पुढे सरकतेय ना, तेवढंच बघायचं.

सरांना भीती होती की पार्टीचा फोन आला आणि माणूस जागेवर नसला तर? पार्टीचे फोन ऑफिसलाच येतात. अडचण आली नाही.

१४ सप्टेंबर

ऑगस्टच्या मध्यापासून व्हाउचरवर पैसे द्यायचा प्रयोग चालू होता: पगार थोडा कमी धरून वर प्रत्येक व्हाउचरमागे रक्कम. आज बंद केला. आकडा वाढला हे खरं, पण सगळ्यांना किराण्याच्या फाईली हव्या, एकसारखी बिलं, भराभर होतात. ट्रान्सपोर्टरची फाईल, जिथे एकेका एंट्रीला विचार लागतो, तिला कुणी हात लावेना. जोडीची तपासणी तर जवळजवळ थांबलीच, तिचे पैसे नव्हते ना. आणि ११ तारखेच्या आत माझ्याकडे आलेल्या फाईलींमध्ये चुका जुलैइतक्याच.

आता पगार पूर्ण, पूर्वीसारखा. फाईलींना वजन लावलंय: सोपी, मध्यम, किचकट, आणि महिन्याला प्रत्येकाकडे साधारण सारखं वजन जाईल असं वाटायचं. तपासणीचंही वजन धरायचं. वजन कुणी ठरवायचं यावर बराच खल झाला, शेवटी टीमनंच बसून ठरवलं आणि माझ्यापेक्षा बरं ठरवलं. मी ज्या फाईली सोप्या समजत होते त्यातल्या दोन त्यांनी किचकटमध्ये टाकल्या, कारण त्या पार्टीचा माणूस फोनच उचलत नाही.

२३ सप्टेंबर

कालपासून नवे दर. १२ आणि २८ चे टप्पे (तंबाखू, पान मसाला असे थोडे अपवाद सोडले तर) गेले, अंघोळीचा साबण-शाम्पू १८ वरून ५, तूप-लोणी १२ वरून ५, सिमेंट २८ वरून १८. किराणा होलसेलरच्या एकेका पार्टीकडे शेकडो आयटम. ऑफिसात सगळे एकत्र असते तर एकाच्या खांद्यावरून दुसऱ्यानं बघून काम झालं असतं, घरी बसलेल्याला ते नाही. म्हणून असं केलं:

एक पानाची नोट मराठीत. २१ पर्यंतची विक्री जुन्या दरानं, २२ पासून नव्या. टॅलीत आयटमचा जुना दर पुसायचा नाही, नवा दर 'कधीपासून लागू' ची तारीख घालून टाकायचा, नाहीतर सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांची बिलं बिघडतील. २२ च्या आधीच्या मालाची क्रेडिट नोट आली तर तिला जुनाच दर. मग स्क्रीन रेकॉर्ड करून छोटा व्हिडिओ, माझ्याच आवाजात, एक तुपाचा डबा आणि एक सिमेंटची गोणी घेऊन. मग प्रत्येकानं आधी पाचच आयटम करून स्क्रीनशॉट जोडीदाराला पाठवायचा, त्यानं ओके म्हटल्याशिवाय बाकीचे करायचे नाहीत.

या पाच आयटमनीच वाचवलं. सांगलीकडे तारीख २२ च्या ऐवजी १ सप्टेंबर पडत होती, ती तिथेच पकडली गेली. सगळे आयटम करून झाल्यावर कळलं असतं तर अख्खी पार्टी उलटी करावी लागली असती.

८ ऑक्टोबर

मीटिंगबद्दल. रोज सकाळची व्हिडिओ मीटिंग होती, तासभर चालायची, प्रत्येकजण आपलं सांगून दुसऱ्याचं ऐकत नसे, आणि चिपळूणचा चेहरा अर्धा वेळ गोठलेला. बंद करून बरेच दिवस झाले, लिहायचं राहिलं. आता सकाळी ग्रुपवर तीन ओळी: काल काय संपलं, आज काय घेतलंय, कशावर अडलोय. तिसऱ्या ओळीला मी ११ च्या आत उत्तर द्यायचंच, हे माझ्यावरचं बंधन, आणि ते पाळलं जातं का हेही शीटमध्ये आहे. व्हिडिओ फक्त गुरुवारी.

उत्तरांची वही हा यातला सगळ्यात उपयोगी भाग. कुणी प्रश्न विचारला की उत्तर फोनवर द्यायचं, पण विचारणाऱ्यानं ते सामायिक डॉक्युमेंटमध्ये स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मी नाही लिहायचं. लिहिताना त्याला कळलंय की नाही ते मला कळतं. उदाहरणार्थ तो जुलैमधला भाड्याचा प्रश्न. वहीत सांगलीच्या दादानं लिहिलंय: 'आधी बिल्टी आहे का बघ. बिल्टी नसेल, नुसता ट्रकमालक असेल, तर आरसीएम नाही. बिल्टी आहे आणि बिलात जीएसटी लावलेला नाही, तर आपल्या पार्टीनं ५ टक्के आरसीएम. बिलात जीएसटी लावलाय तर आरसीएम नाही, साधी खरेदी. शंका आली तर बिल्टीचा फोटो काढून मॅडमना.' मी लिहिलं असतं तर कलमांचे आकडे टाकले असते आणि कुणी वाचलं नसतं.

हा प्रश्न त्यानंतर मला कुणी विचारलेला नाही.

१९ ऑक्टोबर

३बीची मुदत २५ ऑक्टोबरपर्यंत वाढली. आमचे बहुतेक गेलेले आहेत, कारण आतली तारीख आम्ही जीएसटीआर-१ साठी ७ आणि ३बी साठी १७ धरली होती. उरलेल्या पार्ट्यांचे पैसेच आलेले नाहीत, टॅक्स भरायला हवा ना. लक्ष्मीपूजन मंगळवारी, पाडवा-भाऊबीजेपर्यंत टीमला सुट्टी. मागच्या दिवाळ्यांना कुणी ना कुणी फराळाच्या ताटावरून उठून लॅपटॉप उघडलेला आहे. या वर्षी तसं झालं नाही याचा मला मनापासून आनंद आहे.

१२ नोव्हेंबर

ऑक्टोबरचे जीएसटीआर-१ गेले, एकाही पार्टीचा १ए लागणार नाही असं आत्ता तरी दिसतंय. आतली तारीख सगळ्यांना जमली नाही, दोन फाईली १० तारखेला गेल्या, दोन्ही उशिरा कागद देणाऱ्या पार्ट्या.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: राऊटरचे यूपीएस, दुसऱ्या कंपनीची सिमं, वायरचे हेडसेट (साधे, हजाराच्या आतले, पण यामुळे फोनवरचं 'काय? पुन्हा सांगा' थांबलं), आणि दोघांना वापरलेले मॉनिटर, चार-पाच हजारांचे. एका स्क्रीनवर बिल आणि दुसऱ्यावर टॅली असली की आकडा चुकायचं प्रमाण खूप कमी होतं, पैसे थोडेच असतील तर आधी मॉनिटर घ्या असं मी सांगेन. वाया गेलेला खर्च म्हणजे ते स्क्रीनशॉटचं सॉफ्टवेअर आणि व्हाउचरवरचे पैसे.

न सुटलेलं एक. जळगावच्या मुलीनं सांगितलं की ती डिसेंबरपासून तिकडच्याच एका ऑफिसात जॉईन होतेय. पगार सारखाच. 'मॅडम, कामाचं काही नाही, पण दिवसभर कुणाशी बोलणंच होत नाही.' चीनमधल्या सीट्रिप कंपनीत कॉल सेंटरच्या लोकांवर झालेला घरून कामाचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल, त्यात घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं होतं, पण प्रयोग संपल्यावर त्यातले साधारण निम्मे लोक ऑफिसला परत गेले, एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण. आकडा सगळे सांगतात, पुढचं कमी जण सांगतात. आमच्या शीटमध्ये यासाठी रकाना नव्हता. ती बावीस-तेवीस वर्षांची, घरात आजी आणि ती, आणि तिच्या 'अडली' मध्ये गेले दोन महिने काहीच नव्हतं.

२२ नोव्हेंबर

तिच्या जागी अमळनेरची एक मुलगी घेतली, बीकॉम झालेली, टॅलीचा कोर्स केलेली, अनुभव नाही. या वेळी असं करतोय: पहिले दोन आठवडे नाशिकला ऑफिसात, राहण्याची सोय आमची. मग घरी, पण पहिला महिनाभर चिपळूणच्या ताईंबरोबर रोज दुपारी तासभर फोन चालू ठेवून काम, बोलायचं असेल तर बोलायचं, नाहीतर दोघी आपापलं टाईप करतायत. ही कल्पना ताईंची. त्यांचा तो तास वजनात धरलाय. आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांना नाशिकला बोलवायचं, जाण्यायेण्याचं भाडं ऑफिसचं. पहिली तारीख २२ तारखेच्या पुढचा शनिवार बघून डिसेंबरात ठरवतोय, कारण २० च्या आत कुणाचंच डोकं जागेवर नसतं. अमळनेरच्या घरी फायबरचा डबा आणि राऊटर वेगळे आहेत, तिच्यासाठी दोन आऊटपुटवाला यूपीएस मागवलाय, सोमवारी येईल.